चंक्रमण कोठे करावे? : एका जलाशयकाठच्या उद्यानाच्या निमित्ताने

स्थौल्य आणि प्रमेह यांच्या रुग्णपत्रिकेवर औषधयोजनेखाली ‘रोज चालावे’ हे दोन शब्द आपण सारेच वैद्य लिहितो. गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी व्यवसाय करताना प्रस्तुत लेखकानेही ते वर्षानुवर्षे लिहिले. पन्नाशी ओलांडलेल्या एका प्रमेही रुग्णेने मात्र या शब्दांपुढचा प्रश्न विचारला. तीन महिने औषध नियमित घेऊनही त्यांचे वजन हलत नव्हते. चालणे होते का, असे विचारताच त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, चालायचं खरं, पर मधीच लघवीला लागलं तर बाईमाणसानं जायचं कुठं?” सुरुवातीला त्या परळी रस्त्याने जात. वाटेत अडचण नको म्हणून दुपारी चारनंतर पाणीच पीत नसत. पुढे उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ सुरू झाली आणि चालणे सुटले.

प्रभूतमूत्रता हे ज्या व्याधीचे प्रधान लक्षण, त्याच व्याधीच्या रुग्णेला आपण घराबाहेर पाठवतो आणि वाटेत मूत्रवेगाचे काय होणार, हे विचारत नाही. चरकाचार्यांनी अधारणीय वेगांमध्ये मूत्रवेग गणला आहे. तो रोखल्याने बस्तिप्रदेशी शूल, मूत्रकृच्छ्र आणि शिरःशूल होतो, हे आपण प्रथम वर्षापासून पाठ केलेले असते. म्हणजे पथ्याच्या नावाखाली आपण निदानसेवन घडवीत होतो. हा दोष माझा होता.

या प्रसंगानंतर सार्वजनिक उद्यानांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. मराठवाड्यात ‘तलावाकाठचे उद्यान’ म्हटले की आमच्या पिढीला पैठणच आठवते. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरलेल्या नाथसागराच्या पायथ्याशी, म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर, सुमारे सव्वाशे हेक्टरांवर संत ज्ञानेश्वर उद्यान उभे राहिले. शाळेच्या सहलीत नाथमंदिर, धरण आणि शेवटी उद्यान हा क्रम ठरलेला असे. 1992च्या सुमारास आम्ही मुले संध्याकाळी रंगीत कारंज्यांसमोर बसलो होतो. घरी परतल्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. गंगाखेडच्या घाटावर जी गोदावरी आम्ही रोज पाहत होतो, तीच वर एवढा थाट मांडून बसली आहे, याचे आम्हांस फार अप्रूप वाटले.

पुढे त्या थाटाला ओहोटी लागली. ऑगस्ट 2006 मध्ये जायकवाडीतून प्रचंड विसर्ग झाला, पैठण शहरात पाणी शिरले आणि गोदाकाठच्या गावांनी महापूर पाहिला. त्यानंतरच्या काळात उद्यानाची अवकळा, बंद कारंजी आणि नूतनीकरणाच्या घोषणा हे विषय मराठवाड्यातील वृत्तपत्रांतून वारंवार आले. त्याचा राजकीय ऊहापोह हा या नियतकालिकाचा विषय नव्हे. परंतु वैद्याने एवढे अवश्य टिपावे की कारंजे हे यंत्र आहे. त्याला पंप, वीज, नोझल आणि ते दुरुस्त करणारा माणूस लागतो. वडाला किंवा करंजाला पहिली काही वर्षे पाणी आणि कुंपण पुरते. करमणुकीचा सारा भार यंत्रावर टाकलेले उद्यान यंत्र थांबताच रिकामे होते; सावलीवर उभे राहिलेले उद्यान मोडकळीतही वापरात राहते.

ऋतुचर्येचा विचार केल्यास सावलीचे महत्त्व अधिकच पटते. चरकसंहितेत ग्रीष्मात शीत वने, जल आणि पुष्पे यांचे सेवन सांगितले आहे. वाग्भटाचार्यांनी अर्धशक्ती व्यायाम हेमंत, शिशिर आणि वसंतात योग्य मानून इतर ऋतूंत तो त्याहून अल्प ठेवण्यास सांगितले आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. तेथे सकाळी दहाला दार उघडणारे उद्यान चंक्रमणासाठी निरुपयोगीच. पहाटे साडेपाचला दार उघडले पाहिजे, आणि संध्याकाळी दिवे कारंज्यावर नसले तरी चालतील, पायवाटेवर हवेत.

जलाशयाच्या शुद्धीची परीक्षाही चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाच्या प्रकरणात देऊन ठेवली आहे. गंध, वर्ण, रस आणि स्पर्श बिघडलेले व जलचर पक्ष्यांनी सोडून दिलेले जल दूषित समजावे. या कसोटीवर नाथसागराचे नाव आदराने घ्यावे लागते. 1986 मध्ये तो पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि हिवाळ्यात तेथे येणारे रोहित पक्षी पाहण्यासाठी लांबून लोक येतात. उलट, ज्या शहरी तलावात सांडपाणी मिसळते आणि जलपर्णी माजते, त्याच्या काठी दुर्गंधीत दीर्घ श्वसन करणाऱ्यास आपण काय सांगणार? प्रथम जल, नंतर बाके आणि घसरगुंड्या, हा क्रम चुकता कामा नये.

नौकाविहाराविषयी एकच सूचना. संशयास्पद नावेत बसू नये, असे वाग्भटाचार्यांनी सद्वृत्तात स्पष्ट सांगितले आहे. जीवरक्षक जाकीट नसलेली नाव ही आजची संदिग्ध नौकाच होय.

हल्ली उद्यानांतून गोट्यांच्या पायवाटा करण्याची आवड वाढली आहे. त्यांवर अनवाणी चालल्याने मधुमेह बरा होतो, असे रुग्ण येऊन सांगतात. सुश्रुताचार्यांनी निर्धन प्रमेह्यास पादत्राण व छत्र यांवाचून शंभर योजने किंवा अधिक चालावयास सांगितले आहे, हे खरे. तथापि हातापायांची सुप्तता आणि दाह ही प्रमेहाची पूर्वरूपेही शास्त्रानेच सांगितली आहेत. ज्याच्या तळव्याला संवेदना नाही, त्याला खडा रुतलेला कळत नाही आणि व्रण कळतो तो दुर्गंध सुटल्यावर. असे व्रण आपण सर्वांनी पाहिले आहेत. अशा रुग्णास बंद पादत्राण आणि सपाट मातीची वाट, हेच योग्य. त्याच प्रकरणात इतरांनी शेत नांगरावे किंवा विहीर खणावी, असेही म्हटले आहे. मात्र विहिरीचे नाव काढले की रुग्ण चालण्यास तत्काळ तयार होतात, हा माझा अनुभव!

उद्यानाविषयी वैद्यमंडळींचे मत विचारले की आपण प्रथम ‘औषधी वनस्पतींचा विभाग असावा’ असे म्हणतो. एका बैठकीत मीही तेच म्हटले होते. अर्जुन, गुळवेल, अडुळसा आणि त्यांच्या नावांच्या पाट्या, हे सारे मनोहर आहे. परंतु स्त्रियांसाठी स्वच्छ, पाण्याची सोय असलेले आणि आतून कडी लागणारे शौचालय ही मागणी त्या बैठकीत कोणीच केली नाही. मीही नाही. सभागृहात आम्ही सारे पुरुषच होतो.

आमच्या तालुक्यात मासोळी धरणाचा जलाशय आहे, गावाला गोदेचा काठ आहे. पैठणसारखा सव्वाशे हेक्टरांचा पसारा येथे कोणी मागत नाही. अर्ध्या किलोमीटरची सावलीची वाट, दर शंभर पावलांवर टेकायला बाक, पाण्याच्या बाजूला कठडा, पिण्याचे पाणी आणि वर सांगितलेले शौचालय एवढ्याने माझ्या रुग्णपत्रिकेतील ते दोन शब्द खरे होतील. तोवर मी रुग्णपत्रिकेत एक रकाना वाढवला आहे : ‘चालण्याची जागा’. तो भरताना पुष्कळ रुग्ण प्रथमच थांबून विचार करतात.

त्या रुग्णा आता एका शाळेच्या मैदानावर चालतात. तेथील शौचालयाची किल्ली शिपायाकडे असते आणि तो सकाळी सहाला येतो. पाणी आता त्या पुरेसे पितात, वजनही थोडे उतरले आहे. रविवारी शिपाई येत नाही. म्हणून रविवारी त्या चालत नाहीत.