आंतोन आझ्बेचा वर्ग

वासिली कांदिन्स्कीच्या बहुतेक चरित्रांत म्युनिकमधल्या एका खासगी चित्रशाळेचा उल्लेख येतो. तिशी गाठलेला, कायद्याच्या प्राध्यापकीवर पाणी सोडलेला हा रशियन माणूस १८९६ मध्ये चित्रकला शिकायला म्युनिकला आला आणि सुरुवातीची दोनेक वर्षं त्या शाळेत शिकला, एवढं सांगून चरित्रकार पुढे जातात. ती शाळा चालवणारा आंतोन आझ्बे स्लोव्हेनियन होता. त्याच्याबद्दल कलेतिहासात एक ठरलेला निकाल आहे: शिक्षक म्हणून थोर, चित्रकार म्हणून अर्ध्यावर राहिलेला. यातला पहिला भाग कुणी नाकारत नाही. मात्र हे दोन भाग वेगळे काढून एकाचं कौतुक आणि दुसऱ्याची हळहळ, अशी जी वाटणी होते, ती मला चुकीची वाटते. आझ्बेने चित्रकलेचा जो विचार केला तो कॅनव्हासवर थोडा आणि वर्गात पुष्कळ उतरला. शिकवणं हेच त्याचं मुख्य कलाकार्य होतं, आणि त्याच मापाने त्याची कारकीर्द मोजली पाहिजे.

आझ्बेचा जन्म ३० मे १८६२ रोजी श्कोफ्या लोका गावाजवळच्या दोलेन्चिचे या खेड्यातला. तेव्हा हा मुलूख ऑस्ट्रियन साम्राज्याच्या कार्निओला प्रांतात मोडत होता. आझ्बे लहान असतानाच वडील क्षयाने गेले. त्याच्या पाठीच्या कण्यात जन्मापासून दोष होता, उंचीही बेताची. शेतीची कष्टाची कामं या मुलाच्या आवाक्यातली नाहीत, म्हणून पालकाने त्याला व्यापाराच्या शिक्षणासाठी क्लागेनफुर्टला धाडलं. तिथून तो ल्युब्ल्यानाला निघून आला आणि यानेझ वोल्फ या चर्चची भित्तिचित्रं रंगवणाऱ्या चित्रकाराच्या हाताखाली काम करू लागला. १८८२ मध्ये व्हिएन्नाची अकादमी, ती रुचली नाही म्हणून १८८४ मध्ये म्युनिकची. ही भटकंती त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलेली नव्हती. ल्युब्ल्यानाला स्वतःची कला अकादमी मिळाली ती थेट १९४५ मध्ये. तोवर चित्रकार व्हायचं ठरवलेल्या प्रत्येक स्लोव्हेनियन मुलामुलीला परमुलखात जावं लागे, परक्या भाषेत शिकावं लागे. फेर्दो वेसेल आणि रिहार्ड याकोपिच या आपल्याच देशबांधवांच्या आग्रहावरून आझ्बेने १८९१ मध्ये म्युनिकमध्ये वर्ग सुरू केला. पुढे ही शाळा चित्रकारांची वस्ती असलेल्या श्वाबिंग भागात, गेओर्गेनश्ट्रासं या रस्त्यावर स्थिरावली.

त्या वर्गात नेमकं काय शिकवलं जाई, हे पाहिल्याशिवाय माझ्या म्हणण्याला आधार नाही. आझ्बेची दोन तत्त्वं त्याच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा नोंदवली आहेत. पहिलं गोलाचं. समोर मॉडेल बसलं की नवशिका डोळे, नाक, ओठ असे एकेक अवयव रेखू लागतो आणि त्यांची बेरीज करून चेहरा उभा करू पाहतो. आझ्बे सांगे, आधी गोल बघा. डोकं म्हणजे एक गोल. त्यावर एका बाजूने उजेड पडतो, मग तो हळूहळू मंदावतो, पुढे सगळ्यात गडद पट्टा येतो, आणि त्याच्याही पलीकडे, अगदी कडेला, आसपासच्या वस्तूंवरून परतलेला फिका उजेड असतो. कोळशाने एवढं नीट मांडता आलं की नाक हा त्या गोलावरचा उंचवटा, डोळ्यांच्या खोबणी म्हणजे खळगे. त्यांनाही हाच नियम. ज्याला हे उमगलं त्याला पापण्यांचे केस मोजत बसायची गरज उरत नाही. दुसरं तत्त्व रंगाचं. रंग पॅलेटवर घोटून त्यांचा एकजीव लगदा करायचा नाही; रुंद ब्रशने शुद्ध रंगांचे फटकारे कॅनव्हासवर शेजारीशेजारी ठेवायचे. हिऱ्याच्या पैलूंवर जसा वेगवेगळा प्रकाश खेळतो तसे हे फटकारे लांबून एकत्र दिसतात, म्हणून या पद्धतीला ‘रंगांचं स्फटिकीकरण’ म्हटलं जाई. विद्यार्थी बिचकत बारीक रेघा ओढू लागला की आझ्बेचा आवाज येई, ‘नुर फेस्ट!’, म्हणजे ठामपणे ओढ. शरीरशास्त्राबद्दलचा त्याचा सल्लाही कांदिन्स्कीने लिहून ठेवला आहे. त्याचा आशय असा, की ते शिकायलाच हवं, पण इझलसमोर उभं राहिल्यावर विसरून जायला हवं.

या शिकवणुकीत आझ्बेची शैली कुठेच नाही, आणि हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा पुरावा आहे. अकादमीतला प्राध्यापक बहुधा स्वतःसारखं रंगवायला शिकवी. त्याचे विद्यार्थी त्याच्या चित्रांवरून ओळखू येत. आझ्बेचे विद्यार्थी तसे ओळखूच येत नाहीत. कांदिन्स्की अमूर्त चित्राकडे गेला. अलेक्सेई याव्लेन्स्कीने पुढे मानवी चेहरा जवळजवळ चिन्हापर्यंत आणून ठेवला. इव्हान बिलिबिन आझ्बेकडे थोडाच काळ होता. त्याने ठळक बाह्यरेषांनी रशियन परीकथा सजवल्या. पेत्रोव-वोद्किनने १९१२ मध्ये लाल घोड्याला आंघोळ घालण्याचं ते प्रसिद्ध चित्र केलं. याकोपिच, मातिया यामा आणि मातेय स्टेर्नेन स्लोव्हेनियात परतून आपल्याकडचं धुकं, बर्फ, शेतं रंगवू लागले. सर्बियाची नादेझ्दा पेत्रोविच धगधगत्या तांबड्या-हिरव्या रंगांत बोलू लागली. म्युनिकची सरकारी अकादमी त्या काळात मुलींना दारात उभं करत नव्हती, ते दार १९२० मध्ये उघडलं. आझ्बेच्या वर्गात मात्र मुली शिकत होत्या.

यावर पहिला आक्षेप असा घेता येईल, की ही मंडळी मुळातच प्रतिभावान होती, आणि म्युनिक तेव्हा सगळ्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या चित्रकारांना ओढून घेणारं शहर होतं. आझ्बेचं श्रेय ते काय? पण १८९६ मध्ये आलेल्या रशियनांकडे पाहा. याव्लेन्स्की, इगोर ग्राबार, दिमित्री कार्दोव्स्की हे सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत शिकलेले, इल्या रेपिनसारख्या दिग्गजाच्या वर्तुळात वावरलेले तरुण होते. अकादमीने पोट भरलं नाही, म्हणून ते एका खासगी वर्गात पुन्हा विद्यार्थी होऊन बसले. म्युनिकमध्ये खासगी शाळा काय कमी होत्या? ग्राबार तर पुढे त्याच शाळेत शिकवूही लागला. नुसत्या शहराच्या आकर्षणाने याचा उलगडा होत नाही.

दुसरा आक्षेप खुद्द कांदिन्स्कीचाच आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. १९१३ च्या आठवणींत त्याने स्पष्ट लिहिलं आहे की मॉडेलचा वर्ग त्याला नकोसा होई, आणि वर्ग चुकवून तो रंगांच्या नादात बाहेर भटके. मग आझ्बेने त्याला दिलं काय? मला वाटतं, गोलाचं तत्त्व त्याला जाचलं असेल. पण प्रत्यक्ष दिसणाऱ्या वस्तूखाली एक साधा भूमितीय आकार असतो आणि शुद्ध रंग स्वतःच्या बळावर उभा राहू शकतो, या दोन गोष्टी त्या वर्गात रोज कानांवर पडत होत्या. अमूर्ताचा शोध आझ्बेने लावला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. मात्र त्या दिशेला जाणाऱ्याला अडवील असं काहीही त्या वर्गात नव्हतं. शिवाय त्याच आठवणींत कांदिन्स्की आझ्बेच्या गुणवत्तेबद्दल आणि दुर्मीळ भलेपणाबद्दल भरभरून लिहितो. गरीब विद्यार्थ्यांकडून आझ्बे फी घेत नसे.

राहिला चित्रकार आझ्बे. मनात योजलेली मोठी चित्रं त्याच्या हातून झाली नाहीत, हे खरं. दारू, सिगारेट, एकटेपण यांनी त्याला पोखरलं, हेही खरं. निर्विवादपणे त्याची म्हणता येतील अशी मोजकीच कामं मागे राहिली आणि त्यांतली बहुतेक ल्युब्ल्यानाच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. पण त्यांतलं एका कृष्णवर्णीय स्त्रीचं व्यक्तिचित्र पाहावं. काळसर त्वचेवर उजेड कसा तुटतो आणि कसा वळतो, हे तिथे रुंद फटकाऱ्यांतून उभं केलं आहे. वर्गात तो जे सांगत होता ते स्वतः करून दाखवण्याची ताकद त्याच्यात होती, याची खात्री त्या एका चित्राने पटते. अधिक चित्रं झाली असती तर मलाही हवीच होती. पण त्याचा दिवस इतरांच्या इझलांमधून फिरण्यात जात होता, आणि तो वेळ वाया गेला असं म्हणायला मी तयार नाही.

कारण तो वर्ग म्युनिकमध्ये संपला नाही. घशाच्या कर्करोगाने ऑगस्ट १९०५ मध्ये आझ्बे वारला, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. त्याआधीच कार्दोव्स्की पीटर्सबर्गच्या अकादमीत शिकवू लागला होता, आणि आझ्बेकडून घेतलेली आकाराची समज त्याने रशियन चित्रकारांच्या पुढच्या पिढीला दिली. आझ्बेचीच विद्यार्थिनी बेटा वुकानोविच पतीसह बेलग्रेडमध्ये चित्रशाळा चालवत होती. याकोपिच आणि स्टेर्नेन यांनी १९०७ मध्ये ल्युब्ल्यानात चित्रशाळा काढली, आणि दोन वर्षांनी याकोपिचने तिवोली बागेत स्वतःच्या हिमतीवर प्रदर्शनासाठी इमारत उभी केली. कांदिन्स्की स्वतः १९२२ पासून बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिक्षक होता. आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात आझ्बेला आज विद्यार्थ्यांच्या चरित्रांतली एक ओळ मिळते. त्याला स्वतंत्र प्रकरण मिळायला हवं.