हायड्रोजनचा हिशेब

भडगावहून चाळीसगाव ओलांडून पाटणादेवीच्या डोंगराकडे निघाले की खानदेशातल्या खगोलाचा जुना पत्ता लागतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने पाटणला मठ काढला, तो आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ साली त्या मठाला दान दिले. तसा शिलालेख आहे, त्याच्या शेवटच्या ओळी मराठीत आहेत आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. आकाश शिकणाऱ्यांचा खर्च कुणीतरी उचलायचा, ही गोष्ट आजच्या फेलोशिपच्या फार जवळची.

आज हा मठ पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात भरतो. 'आयुका' आणि 'एनसीआरए' या खगोल संशोधनाच्या दोन संस्था तिथे शेजारी शेजारी आहेत. पहिली १९८८ सालची, जयंत नारळीकरांनी उभी केलेली. दुसरी टाटा मूलभूत संशोधन संस्थेची. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी दोघींचे सुरुवातीचे वर्ग एकत्र चालतात. त्यानंतर ज्याचा-त्याचा मार्गदर्शक आणि ज्याचा-त्याचा प्रश्न.

दीर्घिका कशा घडल्या, हा त्यातला एक मोठा प्रश्न. आठ ते दहा अब्ज वर्षांपूर्वी त्यांच्यात तारे भराभर जन्मत होते. आज तो वेग सुमारे दहा पटींनी उतरला आहे. का? ताऱ्यांचा कच्चा माल म्हणजे हायड्रोजन. तेव्हा तो किती होता, ते मोजायला हवे. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीचा रेडिओ संदेश देतो, पण इतक्या दूरच्या एकट्या दीर्घिकेचा संदेश हाती लागत नाही. आठवडे बाजाराच्या गलक्यात एकाची कुजबुज ऐकू येऊ नये, तसे.

उपाय खोडदला निघाला. नारायणगावजवळच्या या गावाभोवती गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली 'जीएमआरटी' ही रेडिओ दुर्बीण पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात पसरली आहे : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. एनसीआरएमधला पीएच.डी.चा विद्यार्थी आदित्य चौधुरी याने निस्सीम कानेकर, जयराम चेंगलूर आणि बंगळुरूच्या दोन शास्त्रज्ञांसह तिच्या नूतनीकृत रूपावर निरीक्षणे घेतली आणि ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले. गलका आपसात विरला, कुजबुज उरली. २०२० साली 'नेचर'मध्ये उत्तर छापून आले : आठ अब्ज वर्षांपूर्वी दीर्घिकांकडे वायू भरपूर होता, पण ताऱ्यांच्या त्या वेगाने तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. बाहेरून नवा वायू पुरेसा आला नाही, म्हणून कारखाना मंदावला असावा. या क्षेत्रात दुर्बिणीला डोळा लावून बसणारा संशोधक आता दुर्मीळ. चौधुरीचे कामही मुख्यतः संगणकासमोरचे, खोटे संकेत वेचून फेकण्याचे. कंटाळवाणे म्हणा, पण उत्तर तिथूनच आले.

२०२५मध्ये एनसीआरएच्याच राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमांतून एक सर्पिल दीर्घिका शोधली. विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचे असतानाच तिचे फाटे नीट आकाराला आले होते. इतकी व्यवस्थित चकती इतक्या लवकर घडेल अशी अपेक्षा नव्हती. तिचे नाव त्यांनी अलकनंदा ठेवले. ती इतक्या घाईने कशी घडली, याचे उत्तर अजून बाकी आहे.

बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलेल्या भडगावच्या मुलामुलींनी आयुका-एनसीआरएच्या प्रवेशपरीक्षेची चौकशी जरूर करावी. त्याआधी तबकड्या बघायच्या असतील, तर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरते.