गाव उघडले, परतणार कोण?

जपानच्या ईशान्य किनाऱ्याला ११ मार्च २०११ रोजी दुपारी ९.० तीव्रतेच्या भूकंपाने हादरवले. पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने फुकुशिमा दाइइची अणुवीज प्रकल्पाचा वीजपुरवठा बंद पाडला आणि तीन अणुभट्ट्यांमधले इंधन वितळले. त्याच रात्री प्रकल्पापासून ३ किलोमीटरच्या आतल्या लोकांना घर सोडण्याचा आदेश निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ही मर्यादा १० किलोमीटर झाली आणि संध्याकाळी २० किलोमीटर. दोन-तीन दिवसांत परत येऊ, अशा समजुतीने अनेकजण अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. गोठ्यातली जनावरे तशीच मागे राहिली. मे २०१२ मध्ये विस्थापितांचा आकडा सर्वाधिक म्हणजे सुमारे १ लाख ६५ हजार होता. त्यात आदेशामुळे निघालेले होते, तसेच आदेश नसताना भीतीपोटी स्वतःहून निघालेलेही होते.

या माणसांना परत जायचे आहे का, आणि जायचे असेल तर कशाकशाची सोय झाल्यावर, हा प्रश्न जपानी सरकारने २०१२ पासून त्यांना वारंवार विचारला आहे. पुनर्उभारणी खाते, फुकुशिमा प्रांत आणि संबंधित नगरपालिका मिळून सर्वेक्षणाचे अर्ज पाठवतात. आपत्तीनंतर विस्थापितांचे मन इतकी वर्षे आणि इतक्या पद्धतशीरपणे टिपल्याची उदाहरणे जगात फार थोडी. त्यामुळे परतीच्या इच्छेचा अभ्यास करायला फुकुशिमासारखी दुसरी जागा क्वचितच सापडेल.

आधी परतीची सरकारी व्याख्या. नकाशावर कंपासने वर्तुळ काढून धोक्याची हद्द ठरवता येत नाही, हे काही दिवसांतच कळले होते. वारा वायव्येकडे वळला, पाऊस-बर्फ पडला आणि प्रकल्पापासून ३० किलोमीटरहून अधिक लांबच्या इइताते या डोंगरी गावावर किरणोत्सारी द्रव्ये उतरली. तेव्हा एप्रिल २०१२ पासून अंतराऐवजी किरणोत्साराच्या मात्रेप्रमाणे विभाग पाडायला सुरुवात झाली. वर्षाला २० मिलीसिव्हर्टच्या (शरीराला पोचणाऱ्या किरणोत्साराचे एकक) आतले भाग लवकर खुले होणारे, २० ते ५० मधले राहण्यास मनाई असलेले आणि ५० च्या वरचे ‘परतणे कठीण’ असलेले. आदेश उठवण्यासाठी तीन अटी ठरल्या. वार्षिक मात्रा २० मिलीसिव्हर्टच्या खाली येईल याची खात्री हवी. वीज, पाणी, रस्ते, टपाल, दवाखाना अशा सेवा बऱ्याच अंशी सुरू झालेल्या हव्यात आणि किरणोत्सारी द्रव्यांच्या सफाईचे काम, विशेषतः मुलांच्या वावराच्या जागी, पुरेसे झालेले हवे. शिवाय प्रांत, नगरपालिका आणि रहिवासी यांच्याशी सविस्तर चर्चा झालेली हवी.

खरा वाद पहिल्या अटीवर पेटला. सामान्य काळात नागरिकांसाठी मानली जाणारी मर्यादा वर्षाला १ मिलीसिव्हर्टची. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोग अपघातानंतरच्या काळासाठी १ ते २० हा पट्टा सुचवतो; जपानने त्याचे वरचे टोक पकडले आणि १ हे लांबचे उद्दिष्ट म्हणून ठेवले. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक बास्कुट टुंजाक यांनी २०१८ मध्ये मुलांना आणि प्रजननक्षम वयातल्या स्त्रियांना अशा भागांत परत पाठवणे थांबवा, असे जपानला जाहीरपणे सांगितले. उलट, संयुक्त राष्ट्रांच्याच अणुकिरणोत्सारविषयक शास्त्रीय समितीने २०२१ च्या अहवालात, किरणोत्साराचा थेट आरोग्यपरिणाम फुकुशिमाच्या रहिवाशांमध्ये दिसलेला नाही, असे नोंदवले. लहान मुलाच्या आईने यातले कोणते कागद प्रमाण मानायचे? पहिल्या काही महिन्यांत अधिकृत माहितीवरचा विश्वास उडालेला होता आणि तो मिलीसिव्हर्टच्या हिशेबाने परत येणारा नव्हता.

दुसरीकडे, स्थलांतरानेही माणसे मारली. ओकुमा येथील एका रुग्णालयातले अंथरुणाला खिळलेले वृद्ध तासन्‌तास बसमधून हलवले गेले आणि त्या धावपळीत व नंतरच्या दिवसांत ४० हून अधिक रुग्ण दगावले. फुकुशिमा प्रांतात भूकंप-त्सुनामीने थेट मेलेले सुमारे १,६०० आहेत. विस्थापनातले हाल, आजार आणि खचलेले मन यांमुळे झालेले, सरकारने मान्य केलेले मृत्यू २,३०० च्या वर गेले आहेत. बाहेर राहणे ही काही सुरक्षित बाजू नव्हती.

सर्वेक्षणातला मुख्य प्रश्न साधा असतो: परतायचे आहे, परतायचे नाही, की अजून ठरवता येत नाही? प्रकल्प ज्या दोन गावांच्या हद्दीत आहे, त्या फुताबा आणि ओकुमाच्या रहिवाशांपैकी सुमारे ६० टक्के ‘परतायचे नाही’ असे सांगत आले. शेजारच्या नामिएमध्येही हा गट सर्वांत मोठा. वर्तमानपत्रांत मथळा याच आकड्याचा होतो. पण बारकाईने पाहावा असा आहे तो तिसरा गट. वर्षे लोटली तरी दर चार-पाच जणांतला एक ‘ठरवता येत नाही’ याच रकान्यात खूण करत राहिला. हा गट आळशी किंवा गोंधळलेला नाही. त्याचा निर्णय स्वतःच्या हातात नसलेल्या गोष्टींवर अडलेला आहे, आणि सर्वेक्षणाने तेही विचारले: ठरवण्यासाठी काय कळायला हवे? उत्तरांत दवाखाने आणि वृद्धसेवा कधी सुरू होणार, दुकाने उघडणार का, प्रकल्पाची अवस्था काय, मात्रा किती उतरणार हे होते. त्यांच्याच जोडीला आणखी एक उत्तर कायम राहिले: बाकीचे किती लोक परतणार?

परतीच्या प्रश्नाची खरी गाठ इथे आहे. गिऱ्हाईक नाही म्हणून दुकान उघडत नाही, दुकान नाही म्हणून माणूस येत नाही. डॉक्टरला रुग्ण हवेत, रुग्णांना डॉक्टर. प्रत्येकजण दुसऱ्याच्या पहिल्या पावलाची वाट पाहतो आणि घराघरांत विचारलेल्या इच्छेची बेरीज करून गावाचे भविष्य काढता येत नाही. कावाउची या सुमारे ३,००० वस्तीच्या गावाने हा पेच लवकर ओळखला. जानेवारी २०१२ मध्येच सरपंच एंदो युको यांनी, ज्यांना जमेल त्यांनी आधी परतावे, ज्यांना शंका आहे त्यांनी थोडे पाहून ठरवावे, अशी भूमिका जाहीर केली आणि लवकरच ग्रामकचेरी परत गावात नेली. गावाचा मोठा भाग २० किलोमीटरच्या बाहेर होता, मात्राही कमी होती. परतीचे प्रमाण पुढे इतरांच्या मानाने खूपच चांगले राहिले. तरी तिथेही अडचण आली. कावाउचीचे लोक मोठ्या दवाखान्यासाठी, बाजारासाठी आणि मुलांच्या हायस्कूलसाठी किनाऱ्यावरच्या तोमिओका-ओकुमाकडे उतरत. ती गावे बंद. एकटे गाव खुले करून भागत नाही, त्याचा बाजार आणि रस्ताही खुला व्हावा लागतो. तोमिओकामध्ये ३० खाटांचे प्रांतिक रुग्णालय सुरू झाले ते एप्रिल २०१८ मध्ये आणि किनाऱ्यावरचा जोबान लोहमार्ग पूर्णपणे जोडला गेला तो मार्च २०२० मध्ये.

वयाप्रमाणे उत्तरे बदलतात, हे अपेक्षितच. सत्तरी ओलांडलेल्यांना आपल्या घरात, आपल्या शेताशेजारी शेवटचे दिवस काढायचे असतात. तिशी-चाळिशीतल्या पालकांची मुले इवाकी किंवा कोरियामासारख्या शहरांतल्या शाळांत रुळली, त्यांना नोकऱ्या मिळाल्या, त्यांनी घरे बांधली. नामिएमध्ये एप्रिल २०१८ मध्ये शाळा पुन्हा उघडली तेव्हा प्राथमिक आणि माध्यमिक मिळून जेमतेम १० मुले होती. एकेकाळी तीन पिढ्या एका छपराखाली राहत. आता आजी-आजोबा गावात, सून-नातवंडे शहरात आणि मुलगा दोन्हींमध्ये हेलपाटे घालणारा, अशी फाटाफूट घरोघरी झाली. सर्वेक्षणाचा अर्ज मात्र बहुतेक वेळा घराच्या वतीने एकच माणूस भरतो. सासऱ्याने केलेली खूण सुनेचे मत सांगत नाही. इच्छा मोजण्याच्या या पद्धतीतला हा ढळढळीत दोष आहे.

मग घराचा प्रश्न. मे २०११ मध्ये पहिल्यांदा लोकांना काही वेळापुरते आत सोडले, तेव्हा पांढरा संरक्षक पोशाख, गळ्यात मात्रामापक, हातात ७० सेंटीमीटर चौरस प्लॅस्टिकची एक पिशवी आणि वेळ दोन तास. त्या पिशवीत मावेल तेवढे न्यायचे: देवघरातल्या पूर्वजांच्या पाट्या, फोटो, बँकेची पुस्तके. पुढच्या वर्षांत घरांची दुर्दशा झाली. छपरे गळली, चटया कुजल्या, उंदरांनी घर पोखरले, रानडुकरे दिवाणखान्यात फिरू लागली. कोकणात वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या घराचे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की कोकणात गणपतीला तरी लोक मुक्कामाला येतात, इथे बराच काळ रात्री राहण्यास मनाई होती. सरकारने मोडकळीला आलेली घरे फुकट पाडून देण्याची सोय केली, पण अर्जाला मुदत होती. ‘अजून ठरलेले नाही’ म्हणणाऱ्याला घर पाडायचे की स्वतःच्या खर्चाने राखायचे, हे मुदतीत ठरवणे भाग पडले. नामिएच्या बाजारपेठेत दुकानांच्या जागी मोकळे चौक उरले. आदेश उठला त्या दिवशी परतायला घरच नसलेली माणसे पुष्कळ होती.

पैशाने निर्णय कुठे कसा वळतो, हे नाराहा या गावात दिसते. संपूर्ण गाव रिकामे झालेल्यांपैकी पहिला आदेश इथला उठला, ५ सप्टेंबर २०१५ रोजी. वर्षभरानंतरही दहांतला एकजणही धड परतला नव्हता. एप्रिल २०१७ मध्ये शाळा गावात परतल्या. मार्च २०१८ मध्ये दरमहा दरडोई १ लाख येनांची मनस्तापाची भरपाई थांबली आणि त्याच सुमारास फुकटच्या तात्पुरत्या घरांची सवलतही संपली. २०१९ च्या सुमारास वस्ती जुन्याच्या निम्म्यावर पोचली. शाळेने माणसे आणली की बंद झालेल्या मदतीने ढकलली? दोन्ही. मात्र देशांतर्गत विस्थापनाविषयीची संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की परतणे, आहे तिथे मिसळून जाणे किंवा तिसरीकडे वसणे यांतली निवड माणसाने स्वेच्छेने, सुरक्षिततेने आणि सन्मानाने केलेली असावी. शहरातले भाडे परवडत नाही म्हणून गावी गेलेल्याला ‘परतला’ या रकान्यात टाकणे सोपे आहे. त्याला स्वेच्छेने परतलेला म्हणणे अप्रामाणिकपणाचे आहे. आदेशाविना घर सोडलेल्यांची अवस्था याहून बिकट. त्यांना भरपाई नाममात्र मिळाली आणि मोफत घर मार्च २०१७ मध्ये गेले.

जपानने एक गोष्ट शहाणपणाची केली. ऑगस्ट २०११ च्या विशेष कायद्याने विस्थापितांना आपली रहिवासी नोंद मूळ गावात ठेवून नव्या शहरात शाळा, आरोग्य आदी सेवा घेता येतात. म्हणून नामिएच्या दप्तरात आजही १४ हजारांच्या आसपास नावे आहेत, प्रत्यक्ष राहणारे दोन हजारांच्या थोडे वर. अनेकांनी दोन घरांचा मार्ग काढला: आठवडा शहरात, शेतीच्या हंगामात आणि ओबोनच्या पितृउत्सवात गावात. शासनाच्या तक्त्यात या जगण्याला नीट जागा नाही, तरी प्रत्यक्षात तो सर्वांत टिकाऊ मार्ग ठरला आहे.

राहणाऱ्यांतही सगळे मूळचे नाहीत. २०२१ पासून बाहेरून येऊन वसणाऱ्या कुटुंबाला २० लाख येनांपर्यंत अनुदान मिळते. प्रकल्प मोडीत काढण्याच्या कामावरचे मजूर, हायड्रोजन आणि रोबो संशोधनातले तंत्रज्ञ, तरुण उद्योजक यांनी वस्ती भरते आहे. गाव जगवायला ही माणसे हवीतच. पण लोकसंख्येचा वाढता आकडा दाखवून विस्थापितांचा प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही.

आणि प्रकल्प अजून तिथेच आहे. वितळलेले इंधन व त्यात मिसळलेला मलबा सुमारे ८८० टन असल्याचा अंदाज आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यातला पहिला नमुना बाहेर काढला, वजन १ ग्रॅमहून कमी. ओकुमा आणि फुताबाच्या १,६०० हेक्टरांवर प्रांतभरातून खरवडलेली माती साठवली आहे. ती मार्च २०४५ पर्यंत फुकुशिमाबाहेर हलवण्याचे बंधन कायद्याने सरकारवर आहे. ज्यांची शेते त्या साठवणुकीत गेली, त्यांच्यासाठी परतायचे का हा प्रश्नच उरलेला नाही.

फुताबाचा एक भाग राहण्यासाठी खुला झाला तो ३० ऑगस्ट २०२२ रोजी, अपघाताला अकरा वर्षे उलटल्यावर. आधीची ७ हजारांची वस्ती. आता राहणारे दोनशेच्या आसपास. प्रांतभर अजूनही २० हजारांहून अधिक माणसे विस्थापित म्हणून नोंदलेली आहेत आणि सुमारे ३०० चौरस किलोमीटर भाग बंद आहे. २०२३ मध्ये कायदा बदलून नवी पद्धत आली: या बंद भागात जे परतण्याची इच्छा कळवतील, त्यांची घरे आणि लागणारे रस्ते साफ करून २०२० चे दशक संपण्याआधी त्यांना परतता येईल असे पाहायचे. म्हणजे आता अर्जावरच्या खुणेवर कुणाचे अंगण साफ होईल हे ठरते. ज्यांनी ‘नाही’ म्हटले किंवा उत्तरच दिले नाही, त्यांच्या घरांचे आणि जमिनींचे काय करायचे, याचा निर्णय सरकारने अद्याप केलेला नाही.