विश्लेषण : परग्रहावरचा ‘संकेत’ टिपणारी दुर्बीण का पाडली गेली?

१५ ऑगस्ट १९७७ रोजी अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या ‘बिग इअर’ या रेडिओ दुर्बिणीने ७२ सेकंदांचा एक जोरदार संकेत टिपला. तो परग्रहवासीयांचा होता का, याची चर्चा आजही सुरू आहे. दुर्बीण मात्र उरलेली नाही.

रचना कशी होती?

हवी तिकडे वळणारी प्रचंड तबकडी उभारणे महाग. म्हणून प्रा. जॉन क्राऊस यांनी वेगळीच शक्कल लढवली. एका टोकाला ३४० फूट लांब, १०० फूट उंच सपाट परावर्तक. समोर ३६० फूट लांबीचा, किंचित वक्र, जागचा न हलणारा दुसरा परावर्तक. मधली जमीन ॲल्युमिनियमने मढवलेली. सपाट परावर्तक फक्त मागेपुढे कलायचा. त्यावरून लहरी वक्र परावर्तकावर जात आणि तिथून कर्ण्यासारख्या दोन ग्राहकांत एकवटत. पूर्व-पश्चिम फिरण्याचे काम पृथ्वीवर सोपवलेले, तेही फुकटात! बांधकामाला विद्यार्थ्यांचे हात लागले आणि १९६३ मध्ये दुर्बीण सुरू झाली.

आकाशातील हजारो रेडिओ स्रोतांची नोंद तिने केली. १९७२ मध्ये या सर्वेक्षणाचा सरकारी निधी थांबला. मग १९७३ पासून तिला परग्रहावरील संकेतांच्या शोधाला जुंपण्यात आले, तेही बरेचसे स्वयंसेवकांच्या बळावर.

७२ सेकंदच का?

पृथ्वी फिरत असल्याने आकाशातील कोणताही बिंदू दुर्बिणीच्या नजरेत साधारण तेवढाच वेळ राहायचा. त्याचा संकेत हळूहळू वाढून मग ओसरायला हवा. हा संकेत अगदी तसाच वागला. छापील कागदावरील ती नोंद पाहून जेरी एहमन यांनी लाल शाईने शेजारी ‘वॉव!’ लिहिले. गोम एवढीच, की दोन कर्णे असल्याने तोच स्रोत काही मिनिटांच्या अंतराने दोनदा दिसायला हवा होता. तो एकदाच दिसला. पुढे अनेकदा शोध घेऊनही तो पुन्हा सापडला नाही.

मग पाडली का?

दुर्बीण एका विद्यापीठाची, पण जमीन दुसऱ्याची, ओहायो वेस्लियन विद्यापीठाची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती विकासकांना विकली गेली. तेव्हा झालेल्या ओरडीमुळे दुर्बिणीला काही वर्षे मिळाली. अखेर १९९८ मध्ये गोल्फ मैदानाच्या विस्तारासाठी ती पाडण्यात आली. क्राऊस तेव्हा हयात होते.