मला नेमके काय हवे आहे? : आत्मपरीक्षणाचा धम्ममार्ग

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आपल्या वस्त्यांमधून एकच चर्चा सुरू होते. कोणी फार्मसीला जातो, कोणी इंजिनिअरिंगला, कोणी पोलीस भरतीच्या तयारीला लागतो. शिरपूर आज शिक्षणाचे गाव म्हणून ओळखले जाते. महाविद्यालये दाराशी आहेत, ही मोठीच सोय आहे. परंतु कोणत्या दारातून आत जायचे हे ठरताना "तुला काय हवे आहे?" असे विद्यार्थ्याला फारसे कोणी विचारीत नाही. मुलींना तर त्याहूनही कमी. नातेवाईक भेटले की पहिला प्रश्न असतो, "पोऱ्या नोकरीले लागना का?"

या प्रश्नाला आम्ही नावे ठेवीत नाही. ज्या घरांतील आजोबांनी गावकीची कामे केली, आजीने दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला, त्या घरात नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हे. माणूस म्हणून ताठ उभे राहण्याची ती जागा आहे. तरीही नोकरी लागल्यावर अनेक जण आतून अस्वस्थ दिसतात, आणि ती न लागल्यास काही जण स्वतःला निकामी समजू लागतात. या दोन्ही दुःखांच्या मुळाशी बहुधा एकच गोष्ट असते. आपले साध्य कोणते आणि साधन कोणते, याचा विचार केलेला नसतो.

धम्मामध्ये हा प्रश्न नवा नाही. विनयपिटकातील एक कथा सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. वाराणसीहून उरुवेलेकडे जाताना तथागत वाटेत एका वनात थांबले होते. त्या वनाचे नाव कप्पासिक, म्हणजे कापसाचे वन. आपल्या खानदेशच्या माणसाला हे नाव जवळचे वाटावे. तेथे तीस तरुण मित्र मौजमजेसाठी आले होते. त्यांच्यातील एकाने सोबत आणलेली गणिका सर्वांच्या वस्तू घेऊन पळाली. तिला शोधत ते तथागतांजवळ आले. त्या स्त्रीचा शोध घेणे अधिक चांगले, की स्वतःचा शोध घेणे, असा उलट प्रश्न तथागतांनी त्यांना केला. तरुण थबकले, खाली बसले आणि त्यांनी धम्म ऐकला.

येथे एक खुलासा करावासा वाटतो. धम्म आत्मा मानीत नाही. म्हणून आत्मपरीक्षण म्हणजे शरीरात दडलेल्या एखाद्या अमर वस्तूचा शोध नव्हे. आपल्या मनात इच्छा कशा उठतात, त्या कोठून येतात आणि आपल्याला कोठे नेतात, हे डोळसपणे पाहणे म्हणजे आत्मपरीक्षण.

नको ते आधी कळते, हवे ते शोधावे लागते

परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रात याचा सर्वात मोठा दाखला आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथील परिषदेत, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा त्यांनी केली. काय नको, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. पण काय हवे, याचे उत्तर त्यांनी घाईने दिले नाही. ३० व ३१ मे १९३६ रोजी मुंबईत दादरला परिषद भरली. तेथे त्यांनी धर्मांतराचा प्रश्न तर्काने आणि व्यवहाराने, दोन्ही बाजूंनी लोकांपुढे मांडला. १९५० मध्ये ते श्रीलंकेला गेले, १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले. वाचन, प्रवास, चर्चा आणि लेखन चालूच होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली. घोषणा आणि दीक्षा यांच्यात एकवीस वर्षांचे अंतर आहे.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली ही, की 'हे मला नको' ही जाणीव म्हणजे आत्मपरीक्षणाचा आरंभ आहे, शेवट नाही. एखादा विषय आवडत नाही म्हणून दुसऱ्यात उडी घेणे म्हणजे निवड नव्हे. दुसरी ही, की खऱ्या आवडीचे बीज पुष्कळदा लवकरच पडलेले असते. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले होते. ते बीज होते. पण बीज मिळाले म्हणून बाबासाहेबांनी ते डोळे झाकून स्वीकारले नाही. त्याची परीक्षा त्यांनी आयुष्यभर केली.

साध्य आणि साधन

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अपुरा टाकून परत यावे लागले. बडोद्याला राहण्यास जागा मिळेना, म्हणून तेथील नोकरी सोडावी लागली. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. त्या काळी आपल्या समाजातील तरुणाला असे पद मिळणे हीच आयुष्याची सार्थकता मानली गेली असती. पण त्यांनी पगारातून बचत केली, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेतले, आणि १९२० मध्ये राजीनामा देऊन ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांनी वकिली सुरू केली, आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली.

नोकरीला त्यांनी तुच्छ लेखले नाही आणि तिला ध्येयही मानले नाही. वकिलीचेही तसेच. ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामासाठी ते धुळ्याला आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. दर वर्षी ३१ जुलैला आपण तेथे जमतो. वकिलीने चरितार्थ चालवावा आणि चळवळीने समाज उभा करावा, हा मेळ त्यांनी कसा घातला, याचाही विचार त्या दिवशी व्हावा.

ज्याला साध्य आणि साधन यांतील फरक कळला, तो एका परीक्षेत नापास झाल्याने खचत नाही. एक साधन हुकले, इतकेच तो जाणतो. लोकांची सेवा करायची असेल, तर डॉक्टर होता आले नाही म्हणून सेवेची सारी दारे बंद होत नाहीत. परिचारिका, औषधनिर्माता, शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी यांचीही दारे उघडी असतात. ही गोष्ट निकालाच्या दिवशी घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना आवर्जून सांगावी. त्या दिवशी मुलांना रागाची नव्हे, आधाराची गरज असते.

तृष्णा आणि छंद

सर्व इच्छा वाईट, असे धम्म म्हणतो, हा गैरसमज आहे. दुःखाचे कारण म्हणून सांगितली ती तृष्णा. ती मिळवण्यासाठी धावते आणि मिळाल्यावर आणखी मागते. छंद हा पाली शब्द निराळा आहे. मराठीत आपण तो आवडीच्या उद्योगासाठी वापरतो. पालीत त्याचा अर्थ करण्याची इच्छा असा आहे. ही इच्छा कुशल असेल, तर धम्म तिला बळ मानतो. चार ऋद्धिपादांमध्ये छंदाला पहिले स्थान आहे.

दोहोंतील फरक व्यवहारात असा ओळखावा. 'मला साहेब व्हायचे आहे' यात खुर्चीची ओढ असेल, तर ती तृष्णा. त्या खुर्चीवर बसून रोज जे काम करावे लागते, त्या कामाची ओढ असेल, तर तो छंद. शिक्षकाचा पगार हवा आणि मुलांचा गलका नको, असे असेल तर त्या माणसाने आपली इच्छा पुन्हा तपासावी.

राहुलाचा आरसा

तपासावी कशी? तथागतांनी राहुलाला ते सोप्या रीतीने समजावले आहे. आरसा कशासाठी असतो, असे त्यांनी विचारले. पाहण्यासाठी, असे राहुल म्हणाला. त्याचप्रमाणे प्रत्येक कृती तीन वेळा पाहावी, अशी शिकवण त्यांनी दिली : करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर. तिने स्वतःचे, दुसऱ्याचे किंवा दोघांचे अहित होते काय, हे पाहावे. अहित दिसले तर थांबावे. चुकले तर जाणत्या माणसापाशी सांगावे. हित दिसले तर त्यात आनंदाने पुढे जावे.

ही शिकवण इच्छेलाही लागू पडते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. अनेक विहारांतून तेव्हा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. या तीन महिन्यांत प्रत्येक विद्यार्थ्याने एक साधी वही ठेवावी, असे आम्हास सुचवावेसे वाटते. रात्री दहा मिनिटे मोबाईल बाजूला ठेवावा, श्वासावर लक्ष देऊन शांत बसावे आणि मग लिहावे :

१. आज कोणत्या कामात वेळेचे भान राहिले नाही? कोणते काम केवळ भीतीने केले?
२. मला जे हवेसे वाटते, ते माझे आहे, की वडिलांचे, मित्राचे, शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून आलेले?
३. ते साध्य आहे की साधन? साधन असेल, तर कशाचे?
४. ते कोणी पाहणार नसेल, कोणी वाहवा करणार नसेल, तरी मी करीन काय?
५. त्याने माझे आणि इतरांचे हित होईल काय?

एका रात्रीत उत्तर मिळणार नाही. महिन्याभराने मागची पाने वाचली, की काही इच्छा पुसट झालेल्या दिसतील आणि काही पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील. ज्या पुन्हा येतात, त्यांचा लहान प्रमाणावर अनुभव घ्यावा. शिकवावेसे वाटत असेल, तर विहारात चार मुलांना गणित शिकवून पाहावे. शेतीत काही करावेसे वाटत असेल, तर एक हंगाम बांधावर घालवावा. कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते. परंपरा, ऐकीव गोष्ट, ग्रंथ किंवा गुरू यांच्या केवळ अधिकारावर काही मानू नये, अनुभवाने हितकर ठरेल ते स्वीकारावे.

वर्षावासाच्या अखेरीस भिक्खू पवारणा करतात. माझ्यात काही दोष दिसला, ऐकला किंवा शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती ते संघाला करतात. आपले मन आपल्यालाच फसवू शकते, म्हणून ही सोय आहे. वही भरल्यावर आपणही एखाद्या कल्याणमित्रापाशी, आईवडिलांपाशी किंवा शिक्षकापाशी बसावे आणि त्यांचे मोकळेपणाने ऐकावे. पालकांनीही त्या दिवशी ऐकण्याची तयारी ठेवावी, विशेषतः मुलींचे. लग्नाची बोलणी सुरू करण्यापूर्वी तिची वही तिला पूर्ण करू द्यावी.

शेवटी एकच सांगावेसे वाटते. शिकलेल्या माणसांनी समाजाकडे पाठ फिरवली, याचे दुःख बाबासाहेबांनी १९५६ मध्ये आग्र्याच्या भाषणात व्यक्त केले होते. ज्याने आपल्याला काय हवे याचा कधी विचारच केला नाही, त्याला समाजाला काय हवे हे कसे दिसणार? ज्याने मन तपासले, त्याला आपले हित आणि बहुजनांचे हित परस्परांपासून फार दूर नसल्याचे आढळते. आपल्या समाजातील मुलामुलींनी पदव्या तर घ्याव्यातच, पण त्या कशासाठी घ्यायच्या याचे उत्तरही स्वतः शोधावे, ही मंगल कामना.

नमो बुद्धाय! जय भीम!