सावलीची कड

आज 23 सप्टेंबर. उज्जैनच्या जीवाजी वेधशाळेत शाळेची मुलं नाडीवलय यंत्राला घेरून उभी आहेत. एरवी सहा महिने यंत्राच्या उत्तर तोंडावर ऊन असतं, सहा महिने दक्षिण तोंडावर. आज सूर्य विषुववृत्तावर, म्हणून ऊन दोन्ही तोंडांना नुसतं चाटून जातंय.

इथले कर्मचारी काका आम्हाला सम्राट यंत्राकडे नेतात. मधल्या जिन्याचा चढ उज्जैनच्या अक्षांशाइतका, 23 अंशांचा. भिंतीची कड थेट ध्रुवाकडे. सकाळ असल्यामुळे सावली पश्चिमेच्या चौथाई वर्तुळावर आहे. पट्टीवर तास, मिनिटं, अगदी मिनिटाचेही तीन भाग कोरलेले. मी वाकून पाहतो. सावलीला रेघेसारखी कड नाहीच! सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी. म्हणून काळोख आणि ऊन यांच्यामध्ये बोटभर करडा पट्टा. काका त्यात पेन्सिल धरतात. तिची सावली विरते ते एक टोक, लख्ख ऊन लागतं ते दुसरं. त्यांच्या मधोमध वेळ. "दस चालीस," काका सांगतात. प्रमाणवेळेच्या रेषेपासून उज्जैन पश्चिमेला, म्हणून 27 मिनिटं मिळवायची. सूर्य आज साडेसात मिनिटं पुढे, ती वजा. घड्याळात अकरा वाजताहेत. मुलं ओरडतात.

मी बांधकामातला माणूस. माझी नजर गिलाव्यावर. ही कड काही मिलिमीटर झिजली, की वीस सेकंदांचा हिशेब गेला. अठराव्या शतकात सवाई जयसिंगांनी उभारलेली ही यंत्रं पुढे मोडकळीस आली होती. 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करून घेतली. आम्ही ग्वाल्हेरकर पाहुण्यांना किल्ला दाखवतो, जयविलास दाखवतो, तानसेनाच्या समाधीवर नेतो. ही दुरुस्ती मला त्याच तोलामोलाची वाटते. नुसती डागडुजी करून दरबार थांबला नाही, वेध घेणारी माणसंही नेमली. अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे यांनी तर शंकुयंत्राची भर घातली.

त्या शंकूभोवती आता गर्दी आहे. सकाळपासून मुलं सावलीच्या टोकाशी खडूनं खुणा करताहेत. इतर दिवशी त्या खुणांची वाक असलेली रेघ होते. आज त्या सरळ पूर्व-पश्चिम रांगेत पडताहेत. घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं होत आली आणि सावली नेमकी उत्तरेला. एक मुलगी ओट्यावर सुतळी ताणून खुणा तपासते. एक खूण जरा बाहेर पडली आहे. ती कोणी केली, यावरून भांडण जुंपतं, आणि काका सगळ्यांना दुपारच्या वाचनासाठी पूर्वेच्या पट्टीकडे हाकतात.