मुलाखती चाळीस, पुरावे किती?

सिनॉप्सिसचा हंगाम सुरू झाला की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो: “ताई, मी चाळीस लोकांच्या मुलाखती घेणार आहे. सॅम्पल पुरेल ना?” विचारणारे कधी समाजशास्त्राचे असतात, कधी इतिहासाचे, कधी पर्यावरणवाले (जुन्या मच्छीमारांना ‘पूर्वी मासळी किती लागायची’ असं विचारणारे). मी मूळची प्राणिशास्त्राची, पीएचडीचं काम माशांच्या वर्तनावर. तरीही या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या प्रयोगशाळेतल्या टाकीतच सापडतं. ते कसं, हे सांगायला आज एक लांबचं उदाहरण घेते: उत्तर इंग्लंडमधले बीट ग्रुप आणि त्यांत वाजवणाऱ्यांच्या आठवणी.

बीट ग्रुप म्हणजे काय, तर शाळा-कॉलेजातली किंवा नुकतीच कामाला लागलेली चार-पाच पोरं, दोन-तीन गिटार, एक ड्रम सेट आणि उधारीवर आणलेला अ‍ॅम्प्लिफायर. १९५६ साली लॉनी डोनेगनचं ‘रॉक आयलंड लाइन’ गाजलं आणि ब्रिटनभर पोरांनी घरगुती वाद्यांवर स्किफल वाजवायला सुरुवात केली. कपडे धुवायची खरखरीत पाटी हा ताल, आणि चहाच्या लाकडी खोक्याला काठी नि दोरी लावली की झाला बेस. (खोक्यातला चहा बहुधा आपल्याकडून नाहीतर सिलोनहून गेलेला. हा दुवा कुणी प्रबंधात वापरला तर मला कळवा.) पुढच्या चार-पाच वर्षांत यातल्या अनेकांनी खोकं टाकून विजेची गिटार घेतली. लिव्हरपूल, मँचेस्टर, न्यूकॅसल, शेफील्ड, हल असा सगळा पट्टा गजबजला. आपल्याला त्यातले बीटल्स माहीत असतात. पण रोरी स्टॉर्म अँड द हरिकेन्स, द बिग थ्री, फॅरन्स फ्लेमिंगोज यांच्यासारखे शेकडो ग्रुप चर्चच्या हॉलमध्ये, तळघरातल्या क्लबांत आणि कामगारांच्या क्लबांत वाजवत होते. बहुतेकांची एकही रेकॉर्ड निघाली नाही. म्हणजे त्यांच्याबद्दल कळायला आठवणींशिवाय फारसं काही नाही.

आता समजा, तुम्ही यातल्या चाळीस जणांना भेटलात. सगळे ऐंशीच्या आसपास. गप्पा रंगणार, कारण मानसशास्त्रात ज्याला ‘रेमिनिसन्स बंप’ म्हणतात तो उंचवटा नेमका इथेच येतो: माणसं म्हातारपणी आयुष्यातलं सगळं सारखं आठवत नाहीत, साधारण दहा ते तीस या वयातलं प्रमाणाबाहेर जास्त आठवतात. सतराव्या वर्षी व्हॅनमध्ये अ‍ॅम्प्लिफायर चढवल्याची आठवण पन्नासाव्या वर्षीच्या बढतीपेक्षा ताजी असू शकते. पण ताजी म्हणजे अचूक असं नाही. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ सालीच दाखवलं होतं की आपण आठवताना जुनी फाइल उघडत नाही, दर वेळी गोष्ट नव्याने रचतो, आणि रचताना ती आपल्या ओळखीच्या साच्यात बसवतो.

सगळ्यात आधी घसरतात त्या तारखा. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी पहिल्यांदा भेटले ते लिव्हरपूलच्या वुल्टन भागात, सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत. लेननचा क्वारीमेन हा ग्रुप तिथे वाजवत होता. सुरुवातीच्या काही पुस्तकांत या भेटीची तारीख १५ जून १९५६ अशी छापली गेली, आणि मग एकाचं पाहून दुसऱ्याने तीच उचलली. चर्चच्या छापील कार्यक्रमपत्रिकेवर मात्र वार आणि तारीख आहे: शनिवार, ६ जुलै १९५७. गंमत म्हणजे पत्रिका हाती नसतानाही संशय घेता आला असता. १५ जून १९५६ हा शुक्रवार होता, आणि असली दुपारची जत्रा सहसा सुट्टीच्या शनिवारी भरते. आठवणीतली तारीख हाती आली की आधी कॅलेंडर उघडा. पाच मिनिटांचं काम आहे, पण कुणी करत नाही.

पण तारखांचा घोळ हा सोपा आजार आहे. खरा आजार वेगळा.

एका टाकीत दहा मासे सोडले आणि दहाही एका कोपऱ्यात गेले, तर माझ्याकडे दहा निरीक्षणं झाली का? नाही. पाणी एक, उजेड एक, एक मासा वळला की बाकीचे त्याच्यामागे. खऱ्या अर्थाने निरीक्षण एकच. दहा हवी असतील तर टाक्या दहा हव्यात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ हे नाव रूढ केलं, आणि तेव्हापासून वायवामध्ये आम्हा जीवशास्त्रवाल्यांची तारांबळ उडते.

तुमचे चाळीस वादक किती टाक्यांमधले? त्यांनी गेली साठ वर्षं एकमेकांना त्याच गोष्टी सांगितल्यात. पुनर्मीलनाच्या मैफिलींत, पबमध्ये, मित्रांच्या अंत्यविधीला. सगळ्यांनी तीच पुस्तकं वाचलीत, तेच माहितीपट पाहिलेत. चाळीस जणांनी एकच गोष्ट सांगितली तर ती चाळीस वेळा सिद्ध होत नाही. कदाचित एका पुस्तकाचा खप किती झाला, एवढंच सिद्ध होतं.

यातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट ‘क्युनार्ड यांक्स’ची. लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या जहाजांवरचे खलाशी तिकडून इंग्लंडात न मिळणाऱ्या रेकॉर्ड्स आणत, त्या ऐकून पोरं वेगळी गाणी शिकली, म्हणून लिव्हरपूलमध्ये बीट जन्मला. गोष्ट देखणी आहे, आणि बंदराच्या शहराला शोभतेही. शिवाय साफ खोटी नाही. खलाशी वस्तू आणत होतेच; जॉर्ज हॅरिसनने १९६१ साली घेतलेली ग्रेच गिटार एका खलाशानेच न्यूयॉर्कहून आणलेली होती.

पण ‘खलाशी रेकॉर्ड्स आणत’ हे एक विधान आणि ‘म्हणून बीट जन्मला’ हे दुसरं. दुसरं तपासता येतं. ग्रुप कोणती गाणी वाजवत याच्या याद्या उपलब्ध आहेत. त्या घ्या आणि प्रत्येक गाण्याची मूळ रेकॉर्ड ब्रिटनमध्ये निघाली होती का ते पाहा. बॅरेट स्ट्राँगचं ‘मनी’ १९६० साली लंडन या लेबलवर निघालं होतं. रिची बॅरेटचं ‘सम अदर गाय’ १९६२ साली, त्याच लेबलवर. चॅन रोमेरोचं ‘हिप्पी हिप्पी शेक’ तर १९५९ सालीच ब्रिटनमध्ये आलं होतं. म्हणजे ज्या गाण्यांवर लिव्हरपूलचे ग्रुप आपली ओळख सांगत, त्यातली ही तिन्ही गावातल्या दुकानात मागवता येत होती. आता दुसरी टाकी: शेफील्ड. समुद्र लांब, पोलादाचं गाव. तिथला डेव्ह बेरी चक बेरीचीच गाणी गात होता, आडनावही त्याचंच घेतलं होतं. जहाज आलं नाही म्हणून त्याचं काही अडलं नाही. माझं मत विचाराल तर खलाशांची गोष्ट लिव्हरपूलच्या लोकांना आपलं शहर कसं दिसतं याचा उत्तम पुरावा आहे, संगीत कुठून आलं याचा मात्र कमकुवत.

मग खरं कारण? कारणं अनेक होती, पण एक असं आहे जे मुलाखतीत आपणहून सहसा बाहेर येणार नाही. ब्रिटनमध्ये तरुणांना दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा करावी लागे. १ ऑक्टोबर १९३९ पासून पुढे जन्मलेल्यांना ती लागू झाली नाही. म्हणजे १९४० साली जन्मलेली पोरं अठरा-वीस वर्षांची झाली तेव्हा त्यांना कुणी उचलून नेलं नाही, ग्रुप फुटले नाहीत. त्याच सुमारास, १९५८ साली, हप्त्याने खरेदीवरचे निर्बंध उठले आणि १९५९ साली अमेरिकी वाद्यांवरची आयातबंदी. आता एखाद्या आजोबांना विचारा, “तुम्ही ग्रुपमध्ये कसे आलात?” ते मित्राचं नाव सांगतील, पहिल्या गिटारची किंमत सांगतील. “मला सैन्यातून बोलावणं आलं नाही म्हणून” असं कोण सांगणार? न घडलेली घटना आठवत नाही. ती कायद्याच्या पुस्तकात आणि जन्मतारखांच्या रकान्यात शोधावी लागते.

एक छोटं उदाहरण, कारण त्यात आपल्याकडचा धागा आहे. बीटल्सचा आधीचा ड्रमर पीट बेस्ट जन्माने मद्रासचा, त्याची आई मोना दिल्लीत जन्मलेली. या बाईंनी ऑगस्ट १९५९ मध्ये आपल्या मोठ्या घराच्या तळघरात कॅस्बा नावाचा क्लब सुरू केला. घर कसं घेतलं? कुटुंबात सांगतात की १९५४च्या डर्बी शर्यतीत ‘नेव्हर से डाय’ या घोड्यावर त्यांनी दागिने गहाण टाकून पैसे लावले आणि तो जिंकला. घोडा जिंकला हे पक्कं, भाव ३३ला १ हेही पक्कं. दागिन्यांचं मात्र कुटुंबाच्या सांगण्यावरच. गोष्टीतला एक भाग पडताळला की बाकीचाही आपोआप खरा वाटायला लागतो, तिथे थांबा. नोट्समध्ये दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, म्हणजे कागद खरा आणि माणूस खोटा. अजिबात नाही. ‘मर्सी बीट’ हे पाक्षिक बिल हॅरी यांनी ६ जुलै १९६१ रोजी सुरू केलं (पुन्हा ६ जुलै, दोन घटनांची सरमिसळ होते ती अशीच). त्याचे अंक म्हणजे संशोधकाची चांदी. पण त्याच्या लोकप्रियतेच्या चाचणीत ग्रुपवाले स्वतःच स्वतःला मतं पाठवत. क्लबची जाहिरात कोण वाजवणार होतं ते सांगते, कोण वाजवून गेलं ते नाही. व्हॅन बंद पडली तर जाहिरातीत ते दिसत नाही. आणि छापील आत्मचरित्र ही तर आठवणच. ब्रायन एपस्टाइन यांनी १९६४च्या पुस्तकात लिहिलं की २८ ऑक्टोबर १९६१ रोजी एक तरुण दुकानात बीटल्सची रेकॉर्ड मागायला आला, तोवर हे नाव त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. पण जुलैमधल्या मर्सी बीटच्या दुसऱ्या अंकाच्या पहिल्या पानावर बीटल्स होते, अंक एपस्टाइन यांच्याच दुकानात विकला जाई, आणि ऑगस्टपासून ते स्वतः त्यात सदर लिहीत होते. आठवण अवघी तीन वर्षांची होती.

उलट बाजूने, चुकीच्या आठवणीतूनही फार काही कळतं. इटलीच्या तेर्नी गावात लुईजी त्रास्तुल्ली हा पोलाद कामगार १७ मार्च १९४९ रोजी नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांकडून मारला गेला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी वर्षांनंतर गावकऱ्यांना विचारलं तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३च्या कामगार कपातीविरुद्धच्या संपात घातला. पोर्तेल्लींनी त्यांना खोटं ठरवलं नाही. गावाला खरी जखम १९५३ची वाटत होती, म्हणून त्यांनी मृत्यू तिथे नेऊन ठेवला, असं त्यांनी वाचलं. मौखिक इतिहासावर काम करणार असाल तर पोर्तेल्ली वाचल्याशिवाय सिनॉप्सिस देऊ नका.

तर मग विचारायचं काय? जिथे पुस्तक पोचलेलं नाही, ते. ‘कॅव्हर्नमध्ये वातावरण कसं होतं’ असं विचारलंत तर घामाने ओथंबणाऱ्या भिंती आणि जंतुनाशकाचा वास हेच उत्तर मिळेल. ते खरंच आहे, पण छापून छापून सगळ्यांचं झालंय. त्याऐवजी विचारा: अ‍ॅम्प्लिफायर घरी कसा न्यायचात? शेवटची बस चुकली तर? पैसे कोण वाटायचं, ड्रमवाल्याला सारखा वाटा होता का? सकाळी कामावर कोण काय म्हणायचं? हप्ता कोणाच्या सहीवर? ग्रुप सोडलात तो आठवडा कसा गेला? या प्रश्नांची तयार उत्तरं कुठे छापलेली नाहीत, म्हणून चाळीस उत्तरं खरोखर चाळीसच्या जवळ जातात. शिवाय माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग वेगळ्याच आवाजात बोलायला लागतो.

आणि यादी कोणी दिली ते लिहून ठेवा. एका वादकाने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, तर तुम्ही टाकीच्या बाहेर पडलेलाच नाही. लिव्हरपूलहून हँबर्गला पहिला गेला तो डेरी अँड द सीनियर्स हा ग्रुप, १९६० साली. त्याचा गायक डेरी विल्की कृष्णवर्णीय होता. ‘द चँट्स’ हा कृष्णवर्णीय गायकांचा ग्रुप त्याच शहरातला. ‘द लिव्हरबर्ड्स’ या चार मुली १९६४ साली हँबर्गच्या स्टार क्लबमध्ये गेल्या. एकमेकांचे नंबर देणाऱ्या गोऱ्या पुरुषांच्या साखळीतून यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. चाळीसपैकी दहा मुलाखती या साखळीबाहेरच्या ठेवा, भले मग एकूण तीसच झाल्या तरी चालेल.

वहीत प्रत्येक विधानापुढे एक जादा रकाना आखा: ‘हे तुम्हाला कुठून माहीत?’ स्वतः पाहिलं, कोणी सांगितलं, की वाचलं. बरेच लोक प्रामाणिकपणे सांगतात. फक्त हा प्रश्न गोष्ट संपल्यावर विचारा, मध्येच नको. ऐंशी वर्षांच्या माणसाला गोष्टीच्या भरात अडवलं की तो पुन्हा त्या व्हॅनमध्ये बसत नाही. या रकान्याचं पुढे कोडिंग कसं करायचं, ते पुढच्या लेखात.